कुष्ठरोग : महाभक्षी पेशीच्या आत काय घडते?

कुष्ठरोगाच्या जंतूबद्दलची एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. हा जंतू कोणतेही विष तयार करत नाही. घटसर्पाचा जंतू विष सोडतो, धनुर्वाताचा सोडतो, पटकीचाही सोडतो. कुष्ठजंतूकडे असले काही नाही. शिवाय त्याची वाढ इतकी संथ की एकाचे दोन व्हायला त्याला बारा ते चौदा दिवस लागतात. आपल्या आतड्यातला ई. कोलाय अनुकूल परिस्थितीत हेच काम वीस मिनिटांत उरकतो. मग कुष्ठरोग्याची बोटे वाकतात, पायाला न भरणाऱ्या जखमा होतात, भुवयांचे केस जातात, हे सारे घडवून आणते कोण?

या प्रश्नाचे उत्तर दोन तुकड्यांत द्यावे लागते. काही रुग्णांत शरीराची प्रतिकार यंत्रणा जंतूवर इतक्या त्वेषाने तुटून पडते की त्या धुमश्चक्रीत मज्जातंतूच चिरडले जातात. इतर काहींत हीच यंत्रणा हात बांधून बसते आणि जंतू अब्जांच्या संख्येने वाढतात. जंतू तोच, औषधही जवळजवळ तेच. पण रोगाचे रूप इतके वेगळे की पूर्वीच्या डॉक्टरांना हे दोन रोग असावेत असे वाटे. हा फरक जिथे ठरतो ती जागा म्हणजे महाभक्षी पेशी, म्हणजेच मॅक्रोफेज. आणि त्या पेशीच्या केंद्रकात बसलेली काही प्रथिने त्या निर्णयात मोठा भाग घेतात. त्यांची ओळख करून घेणे हा या लेखाचा हेतू आहे.

वऱ्हाडातल्या वाचकांना कुष्ठरोग हा विषय नुसता पुस्तकातला नाही. डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी, म्हणजे सर्वांच्या दाजीसाहेबांनी, १९४६ साली अमरावतीला कुष्ठरुग्णांसाठी संस्था उभी केली. ती वसाहत म्हणजेच तपोवन. १९५९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. अचलपूरजवळ कोठारा येथे लेप्रसी मिशनचे रुग्णालय आहे. वर्ध्याजवळचे दत्तपूर आणि वरोऱ्याचे आनंदवन ही नावे तर मुलांनाही माहीत असतात. तपोवन सुरू झाले तेव्हा डॉक्टरांच्या हाती फारसे काही नव्हते. कडू कवठाच्या तेलाची इंजेक्शने देत, ती भयंकर दुखत आणि गुण क्वचितच येई. सल्फोन गटातली औषधे नुकती कुठे येऊ लागली होती. रिफॅम्पिसिन, डॅप्सोन आणि क्लोफाझिमिन एकत्र देण्याची बहुऔषध पद्धती जागतिक आरोग्य संघटनेने सुचवली ती १९८१ साली. या औषधांनी सहा ते बारा महिन्यांत जंतू मरतात, पण मज्जातंतूंची हानी त्यांनी भरून येत नाही. म्हणून पेशीच्या आत काय घडते हे समजून घेण्याला महत्त्व आहे.

जाता जाता एक गैरसमज दूर करू. कुष्ठरोगात बोटे 'झडत' नाहीत. मज्जातंतू निकामी झाल्याने वेदना कळत नाही. चुलीवरचे भांडे हातात तसेच राहते, चपलेतला खडा दिवसभर टोचत राहतो, जखम चिघळते आणि हळूहळू हाडे झिजतात. वेदना ही किती मोठी राखणदार आहे, हे शिकवायला याहून चांगले उदाहरण मला सापडलेले नाही.

भक्षकाच्या पोटातला भाडेकरू

महाभक्षी पेशींचा शोध रशियन शास्त्रज्ञ मेचनिकॉव्ह यांच्या नावावर आहे. १८८२ साली सिसिलीतील मेसिना येथे त्यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत एक काटा टोचला. दुसऱ्या दिवशी पाहतात तो काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला! परक्या वस्तूला घेरणे, गिळणे आणि पचवणे हे या पेशींचे काम आहे, हे त्यांनी ओळखले. १९०८ साली त्यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. लस टोचल्यावर किंवा एकदा रोग होऊन गेल्यावर येणारी प्रतिकारशक्ती ही कमावलेली असते. महाभक्षी पेशी मात्र जन्मापासूनच कामावर असतात. म्हणून त्यांच्या प्रतिकारशक्तीला आपण उपजत म्हणतो.

जंतू गिळला की महाभक्षी पेशी दोन कामे करते. एक, त्याला मारायची हत्यारे तयार करते. दोन, आजूबाजूच्या पेशींना रासायनिक निरोप पाठवून मदत बोलावते. निरोप पोचले की ती जागा लाल होते, सुजते, गरम होते, दुखते. यालाच दाह म्हणतात. दाह हा शत्रू नव्हे. पण तो वेळेवर सुरू व्हावा लागतो आणि वेळेवर थांबावाही लागतो. थांबला नाही तर घरच जळते.

कुष्ठजंतूची धिटाई अशी की तो याच पेशीत घर करतो. नॉर्वेतील बर्गेनच्या हॅन्सेन यांनी १८७३ साली तो रुग्णांच्या गाठींतल्या पेशींमध्ये पाहिला. तेव्हापासून आजवर कोणालाही तो कृत्रिम माध्यमावर वाढवता आलेला नाही. त्याला जिवंत पेशीच लागते. प्रयोगशाळेत तो उंदराच्या पंज्यात किंवा अमेरिकेतल्या आर्माडिलो या कवचधारी प्राण्यात वाढवतात. महाभक्षी पेशींखेरीज त्याची दुसरी आवडती जागा म्हणजे मज्जातंतूंना वेढणाऱ्या श्वान पेशी. (कुत्र्याशी यांचा काही संबंध नाही, थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञाचे ते नाव आहे. वर्गात हे आधीच सांगून टाकावे, नाही तर तास त्यातच जातो.)

एका टोकाच्या रुग्णांत, ज्यांना क्षयसदृश प्रकारचे म्हणतात, एखाददुसरा बधिर चट्टा असतो आणि तिथे शोधूनही जंतू सापडत नाहीत. दुसऱ्या टोकाला अंगभर पसरलेला रोग असतो. या रुग्णाची महाभक्षी पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तर ती फेसाने भरल्यासारखी दिसते आणि त्या फेसात जंतूंचे जुडगेच्या जुडगे असतात. फिरखो या जर्मन विकृतिशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातच या फेसाळ पेशींचे वर्णन केले होते. तो फेस म्हणजे चरबीचे थेंब आहेत. भक्षक पेशीच भाडेकरूची कोठी बनलेली असते.

माजघरापर्यंत जाणारे पाहुणे

आता ग्राहींकडे वळू. ग्राही म्हणजे विशिष्ट रेणूला ओळखून त्याला धरून ठेवणारे प्रथिन. इन्सुलिनसारखी पाण्यात विरघळणारी संप्रेरके पेशीच्या स्निग्ध आवरणातून आत शिरू शकत नाहीत. ती ओसरीवरच्या पाहुण्यासारखी बाहेर थांबतात. आवरणावरचा ग्राही त्यांचा निरोप घेतो आणि आत हातोहात पोचवला जातो. स्निग्ध स्वभावाच्या रेणूंचे तसे नसते. कॉर्टिसोल, ड जीवनसत्त्व, अ जीवनसत्त्वापासून बनणारे आम्ल, मेदाम्ले ही मंडळी आवरण ओलांडून थेट माजघरात येतात. त्यांचे ग्राही आतच असतात आणि ते स्वतः डीएनएवर जाऊन बसतात. कोणते जनुक सुरू करायचे, कोणते बंद ठेवायचे, हे ते ठरवतात. यांनाच केंद्रकीय ग्राही म्हणतात. माणसात ते एकूण ४८ आहेत. मानवी कॉर्टिसोल-ग्राहीचे जनुक १९८५ साली वेगळे काढले गेले आणि मग एकेक करत बाकीचे नातेवाईक सापडत गेले.

यातले बरेच ग्राही एकटे काम करत नाहीत. ड जीवनसत्त्वाचा ग्राही आरएक्सआर नावाच्या जोडीदाराबरोबर डीएनएवर बसतो. मेदाम्ले ओळखणारा पीपार-गॅमाही त्याच जोडीदाराला घेऊन बसतो. कॉर्टिसोलचा ग्राही मात्र वेगळ्या शिस्तीचा: तो केंद्रकाबाहेर, पेशीद्रवात, इतर प्रथिनांच्या पहाऱ्यात थांबलेला असतो आणि कॉर्टिसोल भेटल्यावरच सुटून केंद्रकात जातो.

आपल्याला कामाचे हे तीन ग्राही आहेत. कुष्ठरोगाच्या गोष्टीत तिघांच्याही भूमिका आहेत आणि त्या एकमेकांच्या विरुद्ध जातात.

पहिला ड जीवनसत्त्वाचा. लॉस एंजलिसच्या विद्यापीठातील रॉबर्ट मॉडलिन यांच्या गटाने २००६ साली एक महत्त्वाचा प्रयोग प्रसिद्ध केला. माणसाच्या महाभक्षी पेशीवर जंतू ओळखणारे टोल-ग्राही असतात. त्यांनी क्षयजंतूच्या वर्गातील प्रथिन हेरले की पेशीत दोन गोष्टी वाढतात: एक, ड जीवनसत्त्वाचा ग्राही, दोन, साठवणीतल्या ड जीवनसत्त्वाला क्रियाशील बनवणारे विकर. हे विकर मूत्रपिंडात असते आणि हाडांसाठी काम करते, असे आपण पाठ्यपुस्तकात शिकवतो. पण महाभक्षी पेशीही ते स्वतःपुरते बनवते. क्रियाशील झालेले जीवनसत्त्व ग्राहीला मिळते, ग्राही जोडीदारासह डीएनएवर बसतो आणि कॅथेलिसिडिन या प्रथिनाचे जनुक सुरू होते. त्या प्रथिनाचा ३७ अमिनो आम्लांचा एक तुकडा जंतूचे आवरण फोडतो. म्हणजे हत्यार पेशीचे, पण ते चालवायला लागणारा माल रक्तातून यावा लागतो. रक्तद्रवात ड जीवनसत्त्व कमी असेल तर या पेशी पुरेसे कॅथेलिसिडिन बनवत नाहीत आणि त्याच रक्तद्रवात ते बाहेरून मिसळले तर बनवू लागतात, हेही त्या प्रयोगात दिसले.

इथे एक गंमत आहे. उंदराच्या कॅथेलिसिडिन जनुकाजवळ ड जीवनसत्त्वाच्या ग्राहीला बसायला जागाच नाही! ती जागा माणसाला आणि इतर प्रायमेट प्राण्यांना मिळाली ती डीएनएत इकडून तिकडे उड्या मारणाऱ्या अल्यू नावाच्या एका तुकड्यामुळे. कोट्यवधी वर्षांपूर्वी तो योगायोगाने तिथे येऊन पडला आणि टिकून राहिला. त्यामुळे उंदरावर कितीही वर्षे प्रयोग केले असते तरी ही साखळी सापडली नसती. 'उंदरात सिद्ध झाले' अशा मथळ्याची बातमी वाचताना मला दर वेळी हे आठवते.

आता हीच साखळी कुष्ठरोगात पाहू. क्षयसदृश रुग्णांच्या चट्ट्यांत इंटरल्यूकिन-१५ आणि इंटरफेरॉन-गॅमा हे निरोप जास्त असतात. तिथे ड जीवनसत्त्वाची साखळी चालू असते आणि कॅथेलिसिडिन दिसते. अंगभर पसरलेल्या रोगात इंटरल्यूकिन-१० चा जोर असतो. हा निरोप पेशीला सांगतो की गिळत राहा, पण लढू नकोस. पेशी जंतू आणि चरबी दोन्ही गिळत सुटते आणि मारण्याची यंत्रणा मात्र थंड असते. २०१२ साली याच गटाने आणखी एक दुवा दाखवला. कुष्ठजंतू शिरलेल्या पेशीत २१ क्रमांकाचा एक चिमुकला आरएनए वाढतो आणि तो ड जीवनसत्त्वाला क्रियाशील करणाऱ्या विकराचेच उत्पादन घटवतो. हा आरएनए प्रयोगशाळेत निष्प्रभ केला तेव्हा पेशींची जंतूनाशक शक्ती परत आली. विष नाही, वेग नाही, स्वतःची निम्मी जनुके मोडीत निघालेली. पण आपल्या पेशीच्या नेमक्या कोणत्या खिळीवर बोट ठेवायचे हे या जंतूला अचूक कळलेले आहे.

दुसरा ग्राही पीपार-गॅमा. हा मुळात चरबीचा हिशेब ठेवणारा. पायोग्लिटाझोन हे मधुमेहावरचे औषध याच्यावरच काम करते. १९९८ साली लक्षात आले की महाभक्षी पेशीत तो दाहाची जनुकेही दाबतो. निरोगी शरीरात हे उपयोगाचेच असते. लढाई संपल्यावर मोडतोड आवरायला अशा शांत पेशी लागतात. पण क्षयाच्या आणि कुष्ठरोगाच्या जंतूंनी पेशीत शिरकाव केल्यावर हा ग्राही वाढलेला आढळतो, चरबीचे थेंब साठतात आणि त्या थेंबांजवळ प्रोस्टाग्लँडिनसारखी, आजूबाजूची प्रतिकारशक्ती मंदावणारी द्रव्ये तयार होतात. फिरखोने पाहिलेल्या फेसामागे हे रसायनशास्त्र आहे.

तिसरा ग्राही आणि धावपळीचे काही तास

तिसऱ्याची गोष्ट सर्वांत महत्त्वाची, कारण ती रोज दवाखान्यात घडते. औषधे सुरू असताना, आधी किंवा नंतरही, काही कुष्ठरुग्णांत एकाएकी 'प्रतिक्रिया' येते. जुने चट्टे लाल होऊन फुगतात, कोपरापाशी मज्जातंतू दोरीसारखा जाड आणि दुखरा होतो, बोटांची ताकद जाऊ लागते. रुग्णाला वाटते की औषध बाधले. खरे कारण उलट असते: झोपलेली प्रतिकारशक्ती जागी झालेली असते. श्वान पेशींत दडलेल्या जंतूंवर ती हल्ला चढवते. मज्जातंतूला घट्ट आवरण असते, सूज यायला जागा नसते, आणि आतले तंतू दाबले जातात. हाताचा पंजा वाकडा होतो तो बहुतेकदा अशाच दिवसांत.

इथे प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड लागते. ते कॉर्टिसोलच्या ग्राहीला धरते. हा ग्राही केंद्रकात जाऊन दोन तऱ्हांनी दाह थांबवतो. काही ठिकाणी तो स्वतः डीएनएवर बसून दाहाला लगाम घालणारी प्रथिने तयार करवतो. इतर ठिकाणी तो एनएफ-कप्पा-बी या दाहाच्या मुख्य सूत्रधाराला चिकटतो आणि त्याला काम करू देत नाही. गोळी घेतल्यापासून जनुकांवर परिणाम होऊन प्रथिनांचे प्रमाण बदलायला काही तास लागतात, पण मज्जातंतूवरचा ताण उतरायला आठवडे. म्हणून हे औषध मोठ्या मात्रेने सुरू करून काही महिने हळूहळू कमी करत नेतात. हानी होऊन सहा महिन्यांच्या आत उपचार सुरू झाले तर ताकद परत येण्याची शक्यता चांगली असते. नंतर ती झपाट्याने घटते. रुग्णाचा हात कामाचा राहणार की नाही, हे पुष्कळदा तो कोणत्या महिन्यात दवाखान्यात पोचला यावर ठरते.

मात्र हा ग्राही जंतू आणि जंतू यांत भेद करत नाही. तो दाह थांबवतो म्हणजे पहारेकऱ्यांनाही झोपवतो. म्हणून कुष्ठरोगात स्टेरॉइडबरोबर जंतूनाशक औषधे आवश्यक तिथे चालूच ठेवावी लागतात, आणि आधी क्षयरोग लपलेला नाही ना हे पाहावे लागते.

याचा मोठा धडा आपल्याच भागाने पाहिला आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये कोविडची दुसरी लाट महाराष्ट्रात ज्या जिल्ह्यांत आधी उसळली त्यांत अमरावती आणि अकोला होते. २२ फेब्रुवारीपासून अमरावतीत टाळेबंदी लागली. तोवर ब्रिटनमधील रिकव्हरी चाचणीचे निष्कर्ष येऊन आठ महिने झाले होते. रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन दहा दिवसांपर्यंत दिल्याने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू एक-तृतीयांशाने आणि प्राणवायू लागणाऱ्यांतले एक-पंचमांशाने घटले होते. ज्यांना प्राणवायूच लागत नव्हता त्यांना काहीही फायदा झाला नव्हता. पहिल्या आठवड्यात विषाणू वाढत असतो तेव्हा दाह हवा असतो. पुढे तोच अनावर होतो तेव्हा नको असतो. तरीही स्टेरॉइडच्या गोळ्या ताप आल्याच्या पहिल्या दिवसापासून घेतल्या गेल्या, लांबवल्याही गेल्या. रक्तातली साखर वाढली, महाभक्षी पेशी शिथिल झाल्या आणि एरवी निरुपद्रवी असणाऱ्या बुरशीने डोळे व जबडे पोखरले. म्युकरमायकोसिसच्या त्या साथीला मधुमेह आणि स्टेरॉइडचा अयोग्य वापर ही दोन प्रमुख कारणे होती.

वाचकांपैकी कोणी विचारेल की मग ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या वाटल्या तर क्षय आणि कुष्ठ दोन्ही हटतील का? मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळिशी ओलांडतो, तरी आपल्याकडे या जीवनसत्त्वाची कमतरता पुष्कळांत आढळते, हे खरे आहे. उष्णता म्हणजे जीवनसत्त्व नव्हे. त्वचेत ते तयार करणारे अतिनील किरण उघड्या अंगावर पडावे लागतात आणि त्या उन्हात आपण बाहेर पडतच नाही; खिडकीच्या काचेतून तर ते किरण आत येत नाहीत. पण पेशीत दिसलेली गोष्ट माणसात तशीच दिसेल असे नाही. मंगोलियात ८,८५१ शाळकरी मुलांवर तीन वर्षे चाचणी झाली. निम्म्या मुलांना दर आठवड्याला ड जीवनसत्त्व दिले, निम्म्यांना नुसती गोळी. २०२० साली निकाल आला: रक्तातली पातळी छान वाढली, क्षयसंसर्ग मात्र दोन्ही गटांत सारखाच झाला. कमतरता असेल तर ती हाडांसाठी भरून काढावीच, पण या ग्राहीच्या नावाने बाटल्या विकणाऱ्यांपासून सावध राहावे.

शाळेशी याचा संबंध येतो तो एका वेगळ्याच वाटेने. जगात दरवर्षी सापडणाऱ्या नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतात असतात, आणि त्यांत मुलेही असतात. मुलाच्या अंगावर फिकट किंवा लालसर डाग असेल तर डोळे मिटायला सांगून कापसाच्या टोकाने डागावर आणि शेजारच्या त्वचेवर हळूच स्पर्श करावा, आणि स्पर्श झाला तिथे बोट ठेवायला सांगावे. हे चारचौघांत करू नये. डागावर स्पर्श कळत नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. तपासणी आणि औषध दोन्ही मोफत असतात. बहुसंख्य माणसांना या जंतूची उपजतच बाधा होत नाही, आणि औषध सुरू झाल्यावर रुग्णापासून संसर्गाचा धोका लवकरच संपतो. मुलाची शाळा एक दिवसही बुडण्याचे कारण नाही.

त्याआधी एवढे मात्र विचारावे की घरी डागाला काही लावले आहे का. बाजारात गजकर्णासाठी म्हणून सर्रास मिळणाऱ्या कित्येक मलमांत स्टेरॉइड असते. ते त्वचेतल्या महाभक्षी पेशींच्या त्याच ग्राहीला धरते, लाली उतरते, डाग बरा होत असल्यासारखा दिसतो आणि तपासणी दोन-तीन महिने लांबते. मलमाची ट्यूब सोबत घेऊन गेले तर डॉक्टरांना निदान करणे सोपे जाते.